फ्रेड हॅम्प्टन आणि जॅकेटवर गुलामीवाल्यांचा झेंडा लावणारी गोरी पोरं: ह्याला न्याय म्हणायचं का?

कोमल_नांदेड

नमस्कार सगळ्यांना, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही पाच-सहा जण दर रविवारी संध्याकाळी एका मैत्रिणीच्या खोलीवर जमतो, वाचतो आणि मग वाचलेल्यावर भांडतो. सध्या ब्लॅक पँथर पार्टी (अमेरिकेतल्या काळ्या लोकांची लढाऊ संघटना) चालू आहे आणि मागच्या रविवारी फ्रेड हॅम्प्टनची भाषणं घेतली होती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, हा शिकागोचा पोरगा, जन्म ३० ऑगस्ट १९४८, पँथर पार्टीच्या इलिनॉय शाखेचा अध्यक्ष, आणि ४ डिसेंबर १९६९ ला पहाटे पोलिसांनी त्याला राहत्या घरात गोळ्या घातल्या तेव्हा त्याचं वय होतं एकवीस. माझा धाकटा भाऊ आत्ता एकवीसचा आहे, त्याला अजून सकाळी आई उठवते, त्यामुळे हे वाचताना मला सारखं तेच आठवत होतं.

तर भांडण कशावरून झालं ते सांगते. १९६९ मध्ये हॅम्प्टनने शिकागोत रेनबो कोअलिशन नावाची आघाडी उभी केली. त्यात पँथर्स होते, यंग लॉर्ड्स म्हणून पोर्टो रिकन पोरांची संघटना होती, आणि तिसरे होते यंग पेट्रियट्स. हे गोरे. दक्षिणेकडून आलेले गरीब गोरे, आणि ह्यांच्या जॅकेटवर कॉन्फेडरेट झेंडा शिवलेला, म्हणजे गुलामगिरी टिकावी म्हणून जी राज्यं लढली त्यांचा झेंडा. आणि पँथर्स ह्यांना शेजारी घेऊन बसायचे, हे आमचे साथी म्हणून सांगायचे.

माझी मैत्रीण एकदम उसळली. ती म्हणाली, माझी आजी विहिरीपासून लांब घागर ठेवून उभी राहायची, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून, कधी कधी दुपार व्हायची. ओतणारी बाईसुद्धा गरीबच होती, तिच्याही घरात धड दाणा नव्हता. मग तिची गरिबी बघून मी तिला मिठी मारू का? आधी माझ्या आजीच्या त्या दुपारींचा हिशोब कोण देणार?

खोलीत कुणी काही बोललंच नाही, मी पण नाही. तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय. हॅम्प्टन हे नुसतं ताकद वाढवायला करत होता की त्याची न्यायाची कल्पनाच वेगळी होती? ज्याच्या हातात कालपर्यंत चाबूक होता त्याच्याशी हातमिळवणी करून न्याय कसा मिळतो? ज्यांनी ह्यावर वाचलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. त्याची दोन वाक्यं टाकून 'जय हो' असं नको, ती वाक्यं आम्ही वाचली आहेत.

---

रानवाटा

कोमल, तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न खरा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा अजिबात नाही. पण आधी ती गोरी पोरं कोण होती ते बघ, मग हॅम्प्टन काय करत होता ते जरा उलगडेल.

शिकागोच्या उत्तर भागात अपटाउन म्हणून वस्ती आहे. केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनिया अशा डोंगराळ भागातली गोरी कुटुंबं तिथे येऊन राहिली होती, कारण कोळशाच्या खाणीत यंत्रं आली आणि माणसांचं काम गेलं. शिकागोत त्यांना 'हिलबिली' म्हणून हिणवायचे, आपल्याकडे कुणाला गावंढळ म्हणतात तसं पण त्याहून वाईट. रोजंदारी मिळाली तर मिळाली, पडकी घरं, भाडं मात्र चोख वसूल, आणि पोलीस दिसेल त्या पोराला धरून बडवायचे. म्हणजे गोरे असूनही पोलिसांचा मार खायचे, पण डोक्यात हेच की आपण निदान काळ्यांपेक्षा तरी वर आहोत. हे 'निदान' लक्षात ठेव, कारण सगळा खेळ ह्या शब्दावर चालतो. पगार नाही, घर नाही, पण निदान ते तरी आपल्या खाली आहेत.

आता एक गोष्ट बरेच लोक विसरतात. अपटाउनमध्ये जाऊन हे काम प्रत्यक्ष केलं ते बॉब ली ह्या पँथरने, हॅम्प्टनने नंतर ते उचलून धरलं. ली एका चर्चमधल्या सभेला गेला होता, तिथे अपटाउनची ही पोरं पण बोलायला आलेली, आणि समोरचे बरे घरचे गोरे लोक त्यांच्यावर असे तुटून पडले की ली थक्कच झाला, गोरे लोक गोऱ्यांनाच असं बोलताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. मग तो त्यांच्या वस्तीत जाऊन राहिला, त्यांच्यात जेवला, त्यांच्या घरी सोफ्यावर झोपला. काही आठवडे. आणि मगच हॅम्प्टनला सांगितलं.

त्याने पहिल्या दिवशी 'आधी झेंडा काढा' असं म्हटलं नाही. आधी विचारलं, पोलीस तुम्हाला काय करतात? घरमालक काय करतो? लोक उठून उठून सांगायला लागले. झेंडा नंतर त्यांनी स्वतःच सोडला. ह्यावर तुझी मैत्रीण म्हणेल की नंतर का, आधी का नाही. बरोबर आहे तिचं, तो प्रश्न तिथल्या काळ्या लोकांनी पण विचारला असणार, माझ्याकडे त्यावर तयार उत्तर नाहीये.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ही आघाडी म्हणजे सगळे एकाच संघटनेत मिसळले असं नव्हतं. पँथर्स काळ्या वस्तीत काम करणार, यंग लॉर्ड्स पोर्टो रिकन वस्तीत, आणि गोऱ्यांच्या वस्तीत जाऊन गोऱ्यांचा वर्णद्वेष मोडायचा तो गोऱ्यांनीच. पँथर्सनी ते काम आपल्या अंगावर घेतलं नाही, कुणाला मिठ्या पण मारल्या नाहीत. पोलिसांचा प्रश्न, घरांचा प्रश्न, मुलांच्या दवाखान्याचा प्रश्न, ह्यावर एकत्र. बाकी प्रत्येकाने आपलं अंगण आपण झाडायचं.

हॅम्प्टन भाषणात म्हणायचा की आग आगीने विझत नाही, पाण्याने विझते, म्हणून वर्णद्वेषाला उत्तर वर्णद्वेषाने नाही तर एकजुटीने द्यायचं. हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. पण त्याला गोड बोलणारा समजू नका. त्याचं म्हणणं होतं की काळा भांडवलदार आला म्हणून काळ्या मजुराची सुटका होत नाही. त्याला लुटणारी व्यवस्था दिसत होती आणि त्या व्यवस्थेला गरीब गोऱ्याचा 'निदान' कसा उपयोगी पडतो हेही दिसत होतं. तो 'निदान' काढून घेतला तर वरचा मजलाच कोसळेल, असा त्याचा हिशोब होता.

---

मेवुडच्या_शेजारी

मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहते, बारा वर्षं झाली, मूळची सांगलीची. मेवुड, जिथे हॅम्प्टन लहानाचा मोठा झाला, ते माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

त्याचे आईवडील लुइझियानाहून आलेले, स्टार्चच्या कारखान्यात कामाला. त्याच्या आईने लहानपणी एमेट टिलला सांभाळलं होतं. एमेट टिल म्हणजे तोच चौदा वर्षांचा पोरगा ज्याला १९५५ मध्ये मिसिसिपीत गोऱ्यांनी हाल हाल करून मारलं आणि मारणारे कोर्टातून सुटले. फ्रेड तेव्हा सात वर्षांचा व्हायचा होता. ज्या घरात हे मरण शेजारपाजारचं म्हणून आलं त्या घरातलं पोरगं न्यायाबद्दल काय विचार करत मोठं होईल, मी आई झाल्यापासून हे जास्त डोक्यात येतं.

पँथर व्हायच्या आधी तो एनएएसीपीच्या, म्हणजे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संघटनेच्या, युवा शाखेत होता आणि त्याची पहिली मोठी लढाई कशासाठी होती माहितेय? स्विमिंग पूलसाठी. मेवुडच्या काळ्या मुलांना उन्हाळ्यात पोहायला जागाच नव्हती, शेजारच्या गावातल्या पूलमध्ये त्यांना घ्यायचे नाहीत. हा हायस्कूल सुटलेला पोरगा मुलांना घेऊन गावच्या बोर्डासमोर जायचा. पूल पुढे झाला आणि आज त्याला फ्रेड हॅम्प्टनचंच नाव आहे, बाहेर त्याचा अर्धपुतळा आहे. मी माझ्या मुलीला घेऊन गेले होते, ती विचारत होती हा माणूस पोहायचा का. मी म्हटलं नाही गं, ह्याने मागितलं म्हणून झाला.

आणि आईस्क्रीमची केस! १९६८ च्या उन्हाळ्यात मेवुडमध्ये आईस्क्रीमची गाडी लुटून पोरांना आईस्क्रीम वाटली असा आरोप त्याच्यावर ठेवला, एकाहत्तर डॉलरचं आईस्क्रीम, आणि त्यासाठी शिक्षा दोन ते पाच वर्षं. मी केलं नाही असं तो शेवटपर्यंत सांगत होता. काही महिने तो आत होता, मग अपिलावर सुटला, आणि मारला गेला तेव्हा परत जेलमध्ये जायची वेळ आली होती.

कोमल, तू विचारलंस त्याची न्यायाची कल्पना काय. मला वाटतं ती सकाळच्या नाश्त्यात आहे. पँथर्सनी मुलांना फुकट नाश्ता द्यायला जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये सुरुवात केली, त्याच वर्षी शिकागोत पण सुरू झाला. डोळ्यासमोर आणून बघ, वीस-बावीस वर्षांची पोरं-पोरी अंधार असताना उठतायत, दुकानदारांकडून मागून आणलेली अंडी, ब्रेड, दूध चर्चच्या हॉलमध्ये मांडतायत, आणि शाळेत जायच्या आधी मुलं येऊन रांगेने बसतायत. भुकेल्या पोटी फळ्यावरचं काही दिसत नाही, एवढी साधी गोष्ट. हॅम्प्टन म्हणायचा लोक भाषणाने शिकत नाहीत, बघून आणि स्वतः करून शिकतात. समाजवाद म्हटलं की आई घाबरते, पण तिच्या पोराला रोज सकाळी जेवायला घालणारा जो कोण आहे त्याच्यावर कुणी हात टाकायला आला तर तीच आडवी येते.

एफबीआयचा प्रमुख हूवर, त्याला हे बरोबर कळलं होतं. १९६९ च्या मे मध्ये त्याने आपल्या लोकांना लिहिलं की पँथर्सचं सगळ्यात प्रभावी काम हे नाश्त्याचं आहे आणि म्हणून धोका पण त्याचाच सगळ्यात मोठा. बंदुका होत्याच, पण ह्याला भीती अंड्याब्रेडची! सरकारचा शाळेतला नाश्ता प्रयोग म्हणून १९६६ पासून होता आणि कायमचा झाला १९७५ मध्ये. मधल्या वर्षांत लोकांनी चर्चमध्ये करून दाखवलं होतं.

---

वकील_सोलापूर

न्यायाची गोष्ट चालली आहे तर कोर्टात काय झालं ते पण लिहितो, कारण 'पोलिसांनी मारलं' ह्या दोन शब्दांत ते संपत नाही आणि मला ह्या केसने वकिलीच्या पहिल्या वर्षात झोप येऊ दिली नव्हती.

४ डिसेंबर १९६९, पहाटे पावणेपाचच्या सुमारास. २३३७ वेस्ट मन्रो स्ट्रीट. चौदा पोलीस, कुक काउंटीचा सरकारी वकील एडवर्ड हॅनराहन ह्याच्या हाताखालचे, हातात बेकायदा शस्त्रं शोधायचं वॉरंट. घरात नऊ माणसं झोपलेली. घराचा नकाशा, कोण कुठे झोपतं, पलंग कुठे आहे सकट, एफबीआयला दिला होता विल्यम ओनील ह्याने, आणि हा पँथर्सचा सुरक्षाप्रमुख होता, हॅम्प्टनच्या जवळचा. हल्ल्यानंतर त्याला तीनशे डॉलर बक्षीस मिळाले. तीनशे. ही रक्कम नंतर कागदावर सापडली.

हॅम्प्टन आणि पिओरियाचा मार्क क्लार्क, बावीस वर्षांचा, दोघे मेले. हॅम्प्टनच्या शेजारी झोपली होती डेबोरा जॉन्सन, साडेआठ महिन्यांची गरोदर. तिला बाहेर ओढलं. बाळ २९ डिसेंबरला झालं.

सकाळी हॅनराहनने पत्रकारांना सांगितलं की आतून जोरदार गोळीबार झाला. एका मोठ्या पेपरने दाराचे फोटो छापले आणि त्यावर गोळ्यांची भोकं म्हणून खुणा केल्या. दुसऱ्या पेपरचे वार्ताहर प्रत्यक्ष जाऊन बघतात तर ती भोकं नाहीत, खिळ्यांची डोकी आहेत! आणि ते बघता आलं कसं, तर पोलिसांनी घर सीलच केलं नव्हतं. पँथर्सनी दार उघडं ठेवलं. शिकागोतले लोक थंडीत रांगा लावून आले, हजारोंनी, एकेका खोलीतून शांतपणे फिरले, चाळणी झालेल्या भिंती, रक्ताने भिजलेली गादी. एक म्हातारी बाई मान हलवत म्हणाली की हे तर उत्तरेतलं लिंचिंग आहे, म्हणजे दक्षिणेत गोरे जमाव काळ्यांना जसे मारून टाकायचे तसं. माझ्या मते त्या खटल्यातला पहिला खरा निकाल तिने दिला.

कारण कायद्याचे निकाल बघा. जानेवारी १९७० मध्ये चौकशीत मृत्यू 'समर्थनीय' ठरला. उलट जे सात जण वाचले त्यांच्यावरच खुनाच्या प्रयत्नाचे गुन्हे, ते मे मध्ये मागे घ्यावे लागले कारण फेडरल ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) आलं की पोलिसांच्या गोळ्या ८२ ते ९९ आणि पँथर्सची फार तर एक. तरी कुणावर खुनाचा खटला नाही. हॅनराहनवर चौकशीत अडथळा आणल्याचा खटला चालला, १९७२ मध्ये तो सुटला. पण त्याच वर्षीच्या निवडणुकीत काळ्या मतदारांनी त्याला पाडला.

मग दिवाणी दावा. अठरा महिने सुनावणी, न्यायाधीशाने दावा फेटाळला. १९७९ मध्ये अपील कोर्टाने तो परत जिवंत केला. आणि शेवटी १९८२ मध्ये तडजोड, साडेअठरा लाख डॉलर, फेडरल सरकार, कुक काउंटी आणि शिकागो शहर तिघांनी मिळून. तेरा वर्षं लागली. चूक झाली असं कुणी कबूल केलं नाही. हॅम्प्टनला स्वतःला वकील व्हायचं होतं, पोलिसांच्या अत्याचाराविरुद्ध उपयोग होईल म्हणून कॉलेजात कायद्याच्या वाटेवर होता. कायद्यावर त्याचा राग होता पण तो अडाणी राग नव्हता.

---

निखिल_कोथरूड

सगळं पटतंय पण थोडं दुसऱ्या बाजूने. ही आघाडी टिकली किती? काही महिने. हॅम्प्टन गेला आणि ती विस्कटली. आपण त्याला फक्त नाश्तावाला आणि एकजूटवाला करून ठेवतोय का? पँथर्स उघडपणे बंदुका बाळगायचे, स्वसंरक्षण हा त्यांच्या कार्यक्रमाचा भाग होता. १३ नोव्हेंबर १९६९ ला, म्हणजे छाप्याच्या तीनच आठवडे आधी, शिकागोत गोळीबार झाला त्यात दोन पोलीस आणि एक पँथर मेले, त्या पोलिसांच्या घरी पण कुणी वाट बघत असणार. आणि पक्षातल्या बायकांना काय वागणूक मिळायची ह्यावर त्याच बायकांनी नंतर खूप लिहिलंय. मी त्याला लहान करत नाहीये, मला पण तो फार मोठा वाटतो, पण कोमलच्या ग्रुपने त्याला पूर्ण घ्यावं, सोयीचा तेवढा नको.

---

रानवाटा

निखिल, मान्य, पूर्णच घ्यायला हवा. फक्त एक भर. ऑक्टोबर १९६९ मध्ये वेदरमन नावाच्या गोऱ्या जहाल विद्यार्थ्यांनी शिकागोत रस्त्यावर उतरून काचा फोडायचं ठरवलं तेव्हा हॅम्प्टनने जाहीरपणे विरोध केला, अगदी कडक शब्दांत, की तुम्ही लोकांना कत्तलीत ढकलताय. म्हणजे बंदूक मानणारा माणूस होता पण मार कुणाच्या पाठीवर पडणार हे आधी मोजणारा होता. आणि आघाडी मोडली खरी, पण १९८३ ला हॅरोल्ड वॉशिंग्टन शिकागोचा पहिला काळा महापौर झाला तेव्हा त्याच्यामागे काळे, लॅटिनो आणि काही गोरे असे एकत्र आले होते आणि यंग लॉर्ड्सचा चा चा हिमेनेझ त्या प्रचारात होता.

---

लेबर_कॅम्प_७२

कोमल बेटा, मी टाइप हळू करतो आणि चुका होतील. मी माटुंगा लेबर कॅम्पात वाढलो. १९७२ ला मी सतरा वर्षांचा होतो.

हॅम्प्टनचं नाव आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. पण अमेरिकेत काळ्या पोरांनी पँथर काढलीय हे मासिकांतून, पेपरातून आलं होतं, थोरली मुलं वाचून दाखवायची. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही सगळी पोरं तेव्हा विशी-तिशीतली. दलित पँथर निघाली ती १९७२ ला. आमच्याकडून तिकडे बघणं काही नवीन नव्हतं, फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक अर्पण केलं ते गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना आणि बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डुबॉइस ह्या अमेरिकेतल्या काळ्या विचारवंताला पत्र लिहून त्यांच्या लढ्याची चौकशी केली होती.

आता तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न. हाच प्रश्न आमची पँथर मोडायला कारणीभूत झाला म्हटलं तरी चालेल. १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित कोण ह्याची व्याख्या होती, अनुसूचित जातीजमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी, स्त्रिया, राजकारणात अर्थकारणात आणि धर्माच्या नावाखाली पिळले जाणारे सगळे. ढसाळांना हे हवं होतं. ढालेंना ह्यात कम्युनिस्टांचा वास आला, त्यांचं म्हणणं बुद्ध-आंबेडकरांची वाट सोडायची नाही. १९७४ ला फूट पडली. आम्ही पोरं रडलो होतो अक्षरशः, दोघेही आमचेच होते.

मला कित्येक वर्षं वाटायचं की ढसाळ बरोबर, ढाले हट्टी. आता तसं वाटत नाही आणि त्याचं कारण वरळी. जानेवारी १९७४. बीडीडी चाळीत पँथरच्या सभेवर दगड आले आणि मग दिवसेंदिवस दंगल. १० तारखेला परळला मोर्च्यावर वरून दगड टाकला त्यात भागवत जाधव गेला. मोर्च्यात मी मागे होतो, आधी आवाज आला आणि मग पुढची माणसं एकदम खाली वाकली, एवढंच मला दिसलं. त्या दंगलीत समोर उभे होते ते कोण होते? गिरणीतलेच. त्याच गिरणीत माझे वडील साच्यावर नाही पण दुसऱ्या खात्यात होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो म्हणून विणकाम खात्यात आमच्या माणसांना घेत नसत. भोंगा एक, उपास एक, पण पाण्याचं मडकं वेगळं. तेव्हा 'सगळे कामगार एक' हे वाक्य कानाला गोड लागायचं आणि घशाखाली उतरायचं नाही.

रानवाटा ह्यांनी लिहिलंय की गोऱ्यांच्या वस्तीत जाऊन गोऱ्यांचा द्वेष मोडायचं काम गोऱ्यांनी करायचं होतं. मी ते तीनदा वाचलं. आमच्याकडे नेमकं तेच राहिलं बघ. आम्ही आमच्या चाळीत सभा घेत होतो. समोरच्या चाळीत जाऊन, त्यांच्यातलाच असून, जिन्यात उभा राहून 'अरे आपण चुकतोय' म्हणणारा कोण होता? होते, नाही असं नाही, पण बोटावर मोजण्याइतके. हॅम्प्टनला अपटाउनात तशी पोरं मिळाली. आम्हाला व्याख्या मिळाली.

तुझ्या मैत्रिणीला सांग की तिने मिठी मारावी असं हॅम्प्टन सांगत नाही. तिच्या आजीच्या दुपारींचा हिशोब तिने मागत राहावा. जी वरून पाणी ओतत होती तिच्या घरातलं कुणीतरी पहिलं पाऊल उचलायला पाहिजे. ते तिच्या हातात नाही आणि त्याची जबाबदारी पण तिच्यावर नाही.

---

कोमल_नांदेड

काका, तुमची पोस्ट वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ नुसती बसले. बाकी सगळ्यांचे पण मनापासून आभार, वकील दादांची पोस्ट ग्रुपमध्ये वाचून दाखवणार आहे, आणि निखिल, पूर्ण घेऊ, शब्द देते.

एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. मैत्रिणीने विहिरीचं सांगितलं तेव्हा मी गप्प बसले ते उत्तर सुचत नव्हतं म्हणून नाही. माझं घर त्या दुसऱ्या बाजूचं आहे. आमचा तालुका पण एकच.

आज दुपारी आजीला फोन केला. आधी तब्येत, पाऊस, सोयाबीन सगळं झालं आणि मग विचारलं की आजी, विहिरीवर त्या वस्तीतल्या बायका यायच्या का गं. ती म्हणाली यायच्या की. मग त्यांना पाणी कोण द्यायचं? 'आम्हीच द्यायचो, वरून. घागरीला पोहरा लागू द्यायचा नाही असं सासूबाईंनी सांगितलं होतं.' मी विचारलं थांबायला लागायचं का त्यांना. ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, 'आमचं सगळं भरून झाल्यावर. एक पोटुशी बाई होती, ती खाली बसायची उन्हात. तिचं नाव मला माहीत नव्हतं, मी कधी विचारलंच नाही.' आणि मग म्हणाली आता का विचारतेस हे, इतक्या वर्षांनी.

रविवारी मैत्रिणीला हे सांगणार आहे, आमच्या घरचं म्हणून. खोलीवर सगळे यायच्या आधी जाईन.